एका दिव्याचा सिग्नल

मिनिटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली, आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांची सात चाळीसची गाडी कधी सात एकेचाळीसला सुटली नाही, म्हणून डेपोत कुणीतरी हे नाव चिकटवलं. ते असं चिकटलं, की पुढेपुढे लग्नाच्या आमंत्रणांवरसुद्धा तेच लिहून यायला लागलं. त्यांनाही ते आवडायचं. माणूस सुतासारखा सरळ, पण स्वतःविषयी बोलायला लागला की थांबवणं कठीण. "आपल्या हातून चूक होत नाही," असं ते छातीठोकपणे सांगत, आणि पंचाईत अशी, की ते खरं होतं. खोटं असतं तर चारचौघांनी टर उडवून मोकळं व्हायचं. खरं असल्यामुळे निमूट ऐकून घ्यावं लागे.

टर उडवायची सोय एकाच जागी होती. दातांच्या दवाखान्याच्या वर एक लांबट खोली होती, बाजूच्या लोखंडी जिन्याने वर जायचं. आत शिरलं की लवंगेच्या तेलाचा आणि डाग दिलेल्या तारेचा वास एकदम नाकात जाई. तीन भिंतींना धरून कमरेइतक्या उंचीचं टेबल, आणि त्या टेबलावर अख्खी रेल्वे. दोन स्टेशनं, एक पूल, एक बोगदा, मालगाड्यांचं यार्ड, फलाटावर बोटाच्या पेराएवढी माणसं. याला कुणी खेळणं म्हटलं तर त्याची धडगत नसे. खेळणं गोल गोल फिरतं, ही रेल्वे वेळापत्रकाने चालायची. दर रविवारी सकाळी नऊला पहिली गाडी, एकला शेवटची.

मंडळी चार. खालच्या दवाखान्याचा मालक, दातांचा डॉक्टर, त्याला सगळे चिमटा म्हणत. तारा, दिवे, सिग्नल हे त्याचं खातं. दुसरे पुठ्ठेभाऊ, धंद्याने बाइंडर. पुस्तकं बांधून उरलेल्या पुठ्ठ्याची त्यांनी एवढी घरं केली होती की चिमटा म्हणायचा, "आता रेल्वे काढा आणि नगरपालिकेची निवडणूक घ्या." तिसऱ्या भूगोलाच्या बाई. शाळेत तीस वर्षं त्यांनी फळ्यावर डोंगर काढले, निवृत्त झाल्यावर कागदाच्या लगद्याचे करायला लागल्या. आणि चौथे आपले मिनिटराव. गाड्या तशा चौघंही चालवत, पण एक्स्प्रेसला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

या मंडळींचा एक रिवाज होता. खोलीत खिळ्याला दोरीने एक जाडजूड वही टांगलेली असे, पुठ्ठेभाऊंनीच बांधलेली. ती चुकांची वही. गाडी घसरली, सिग्नल मोडला, धडक झाली, की ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने तिथे लिहायचं. सबब एका ओळीपेक्षा लांब नको. खाली बाकीच्या तिघांनी सह्या करायच्या, आणि मग त्या चुकीवरून महिनाभर त्याला छळायचं. बाईंच्या पानावर होतं, "बोगद्यात मांजर निजलं आहे हे न पाहता मालगाडी सोडली." पुठ्ठेभाऊंच्या पानावर, "पूल रंगवताना रूळही रंगवले, त्यामुळे वीज लागेना आणि गाडी पुलावर अडकली. ती दोन रविवार अडकून होती." चिमट्याने एकदा सैल झालेला सांधा दाताच्या सिमेंटने बसवला होता. तो इतका पक्का बसला की गाडी आजतागायत त्या सांध्यावरून एकाच बाजूला जाते. हे सगळं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मिनिटरावांचं पान अकरा वर्षं कोरं होतं. येणाऱ्या पाहुण्याला ते पान उघडून दाखवायचे. हो, कोरं पान! आता काय बोलायचं?

तर एका रविवारी चिमट्याने नवा सिग्नल बसवला. जुने सिग्नल रस्त्यावरच्यासारखेच होते, वर लाल दिवा, खाली हिरवा. नव्यात दिवा एकच, मोहरीएवढा. कळ इकडे केली की लाल, तिकडे केली की हिरवा. चिमट्याने त्यासाठी आठ दिवस पेशंटांची वाट बघता बघता डोळे फोडून घेतले होते. यार्डातली मालगाडी मुख्य लाइनवर येते तिथे, बोगद्याच्या तोंडाशी, तो त्याने उभा केला.

"आता बघा ऐट," तो म्हणाला. "मिनिटराव, सोडा तुमची राणी."

मिनिटरावांनी एक्स्प्रेस सोडली. सहा डबे, ताशी एवढा वेग, असं तोंडाने सांगत, एका हाताने कळ हळूहळू फिरवत, दुसरा हात पाठीमागे. पुलावरून आली, वळणावर आली, सिग्नलशी आली. तेवढ्यात यार्डातून बाईंची मालगाडी मुख्य लाइनवर निघाली होती. एक्स्प्रेस थांबली नाही. खाडकन जाऊन मालगाडीच्या बरगडीत शिरली. दोन डबे टेबलावरून खाली, एक पुठ्ठेभाऊंच्या शाळेत.

मग पुठ्ठेभाऊंनी टाळी वाजवली. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या दिवसाची वाट पाहतोय! वही काढा, वही!"

"वही कशाला?" मिनिटराव म्हणाले. "सिग्नल हिरवा होता."

"लाल होता," चिमटा म्हणाला.

"हिरवा होता. मी बघून आलोय. अरे चिमट्या, तुझी तार उलटी लागली असेल."

"तार उलटी असती तर मलाही हिरवा दिसला असता ना? आम्ही तिघं बघत होतो, लाल होता."

"तिघं गप्पा मारत होतात. मी बघत होतो." मिनिटरावांनी डबे गोळा केले, एकेक चाक फिरवून पाहिलं, आणि वहीकडे पाठ करून उभे राहिले. "माझी चूक असती तर मी लिहिली असती. नाही, तर लिहू कशी?"

मंडळींनी तो रविवार हसण्यावारी नेला. खाली जिन्यात पुठ्ठेभाऊ चिमट्याच्या कानाशी लागले, "हट्टी आहे रे बाबा." बाई मात्र हसल्या नाहीत. तीस वर्षं वर्गातली पोरं पाहिलेली बाई ती. पोरगं खोटं बोलतंय की त्याला खरंच तसं वाटतंय, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. मिनिटरावांच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना काळजी वाटली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तोच सिग्नल, तीच धडक. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. मिनिटराव लालबुंद झाले होते.

"हा सिग्नलच भिकार आहे," ते म्हणाले. "काढून टाक तो."

"मिनिटराव," बाई म्हणाल्या, "मी एक करू? तुम्ही इथे उभे राहा. चिमटा कळ फिरवील, तुम्ही नुसतं सांगायचं, लाल की हिरवा. दहा वेळा. सिग्नलची परीक्षा होऊन जाईल."

बाईंनी 'सिग्नलची' म्हटलं, हा त्यांचा चांगुलपणा. मिनिटराव तयार झाले. खात्री होती ना! हाताची घडी घालून उभे राहिले. चिमटा टेबलाखाली बसला, कळ फिरवायला लागला, आणि मिनिटराव पोलिसासारखे ठणठणीत आवाजात सांगायला लागले. हिरवा. हिरवा. लाल. हिरवा. बाई एका कागदावर टिंबं देत होत्या. दहाव्याला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती?" मिनिटरावांनी विचारलं.

"चार बरोबर," बाई म्हणाल्या.

"कुणाचे? चिमट्याचे?"

"तुमचे."

खोलीत आता मालगाडीच्या मोटारीची तेवढी घूंघूं चालू होती, ती पुठ्ठेभाऊंनी बंद केली. कुणीतरी विनोद करावा अशी सगळ्यांची इच्छा होती आणि एकालाही सुचेना.

"मिनिटराव," चिमटा टेबलाखालून बाहेर येत म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा..."

"तू दात उपट!" मिनिटराव ओरडले. असे ते कधी ओरडत नसत. "सत्तावीस वर्षं! रोज चारशे माणसं मागे घेऊन चालवतोय मी, रोज साठ सिग्नल! एकही चुकला असता तर आज इथे उभा असतो का? मोहरीएवढ्या दिव्यावरून तुम्ही मला आंधळा ठरवायला निघालात? राईचा पर्वत नुसता!" पिशवी उचलली आणि तरातरा जिना उतरून गेले. एक्स्प्रेस तशीच वळणावर उभी.

आता खरं सांगायचं तर मिनिटराव रागावले नव्हते, घाबरले होते. आयुष्यात कधी घाबरला नाही असा माणूस घाबरला, की त्याला तो रागच वाटतो. घरी येऊन ते जेवायला बसले आणि बायकोने वाढता वाढता सहज म्हटलं, "अहो, बाजारातून पुन्हा कच्चे टोमॅटो आणलेत. वर्ष झालं, तुम्हाला झालंय तरी काय? पूर्वी कसे निवडून आणायचे."

मिनिटरावांचा घास तोंडातच राहिला.

"कच्चे म्हणजे?"

"कच्चे म्हणजे हिरवे हो! आणखी काय?"

सोमवारी सकाळी सात चाळीसला गाडी सुटली. मिनिटराव सीटवर बसले तेव्हा स्वतःला बजावत होते, की आजपासून नीट बघायचं, डोळ्यांत तेल घालून बघायचं. पहिला सिग्नल. थांबले. थांबताना लक्षात आलं, की आपण रंग बघितलाच नाही. वरचा दिवा पेटलेला होता, म्हणून थांबलो. मग वरचा विझला, खालचा पेटला, म्हणून निघालो. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी मुद्दाम दिव्याकडे टक लावून पाहिलं. वरचा दिवा मळकट पिवळट. खालचा दिवा मळकट पिवळट. लाल कुठे होता? हिरवा कुठे होता? हे दिवे असे कधीपासून दिसायला लागले, हेच त्यांना आठवेना. इतक्या हळूहळू ते झालं होतं, की गेलेलं कळलंच नव्हतं.

आणि पुढे, मोठ्या पुलाच्या अलीकडे, रस्ता खोदलेला. अर्धा रस्ता बंद. सिग्नल नाही. एक माणूस हातात दोन झेंड्या घेऊन उभा, एक लाल, एक हिरवी. एक त्याने काखेत मारली होती आणि दुसरी हलवत होता.

मिनिटरावांना झेंडी दिसली. झेंडी हलताना दिसली. रंग दिसला नाही. समोरून एक ट्रक येताना दिसत होता, की उभा होता, तेही उन्हात कळेना. मागे बावन्न माणसं. दोघांच्या पाठीवर शाळेची दप्तरं, हे त्यांनी आरशात पाहिलं. मागची मोटार हॉर्न वाजवायला लागली. झेंडीवाला जोराजोराने हलवायला लागला. 'या' म्हणत होता की 'थांबा'?

त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. कंडक्टर पुढे आला.

"काय झालं, मिनिटराव?"

"झेंडी कुठली आहे?"

"आँ?"

"लाल की हिरवी? सांग लवकर."

कंडक्टर बारा वर्षं त्यांच्या गाडीवर होता. त्याने एकदा झेंडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "लाल आहे," तो हळूच म्हणाला.

ट्रक गेला. मग झेंडीवाल्याने काखेतली काढली. "हिरवी," कंडक्टर म्हणाला, आणि त्या पुढच्या सगळ्या सिग्नलांना, फेरी संपेपर्यंत, तो पुढे उभा राहून खालच्या आवाजात सांगत राहिला. लाल. हिरवा. तिकिटं कुणी मागितली नाहीत. गाडी डेपोत लागली तेव्हा मिनिटरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. दुपारची फेरी त्यांनी घेतली नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. सत्तावीस वर्षांतली ही पहिली थाप, आणि तीही कुणी खोटी मानली नाही, इतके ते पांढरे पडले होते.

डेपोतून निघाले ते थेट चिमट्याच्या दवाखान्यात. बाहेर चार पेशंट गाल धरून बसले होते. चिमट्याने मिनिटरावांना बघितलं, खुर्चीतल्या माणसाला "तोंड उघडंच ठेवा" म्हणून सांगितलं आणि बाहेर आला.

"तू म्हणत होतास तो डोळ्यांचा डॉक्टर," मिनिटराव म्हणाले, "आज भेटेल का?"

चिमट्याने फोन केला. काही विचारलं नाही, टोमणा मारला नाही. हा तोच चिमटा, जो एरवी मयतातही चिमटे काढायला कमी करायचा नाही.

डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्याने दिवे दाखवले, रंगीत लोकरीचे गुंडे निवडायला लावले, यंत्रात डोकं घालायला सांगितलं. मग विचारलं, "दोन वर्षांत काही मोठं दुखणं?"

"छातीचं होतं. नऊ महिने गोळ्या घेतल्या. बरा झालो की ठणठणीत."

"त्या गोळ्यांतली एक कधीकधी डोळ्याच्या नसेला बाधते. सगळ्यांना नाही. त्यातून रंग जातात, आधी लाल आणि हिरवा. गोळी बंद झाल्यावर काहींचे परत येतात." त्याने कागद उलटला. "तुमचे यायचे असते तर आतापर्यंत आले असते. बाकी नजर उत्तम आहे. वाचाल, लिहाल, बारीक काम कराल. पण गाडी नाही." मग तो थांबला. "तुमच्याकडे तपासणी होत नाही का? रंगांची?"

"होते. गेल्याच महिन्यात झाली. पास झालो."

"पास कसे झालात?"

उत्तर मिनिटरावांना त्याच क्षणी कळलं.

चिमट्याच्या दवाखान्यात परत येऊन ते त्याला म्हणाले, "वरची किल्ली दे." वर जाऊन त्यांनी वही काढली, अकरा वर्षं कोरं ठेवलेलं पान उघडलं आणि लिहिलं, "सिग्नल लाल होता. मला दिसला नाही." खाली तारीख. त्याखाली पुन्हा, "पुढच्या रविवारीही लाल होता." दुसरी तारीख. तिघांच्या सह्यांसाठी जागा सोडली आणि वही खिळ्याला लावली. चिमटा दारात उभा होता. त्याला रडू आलं, आणि मिनिटराव त्यालाच म्हणाले, "अरे, पेशंट खाली तोंड उघडून बसलाय, जा की!"

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नोकरीला चार वर्षं राहिलीत. डेपोत कुणाला माहीत आहे?"

"कंडक्टरला. तो बोलायचा नाही."

"मग?"

ती वाईट बाई नव्हती हो. कुठलीही बायको हेच विचारील. मिनिटराव म्हणाले, "आज मागे बावन्न माणसं होती." तिने भांडी आवरली आणि म्हणाली, "उद्या कुठला सदरा घालताय? इस्त्री करून ठेवते."

मंगळवारी सकाळी सातला मिनिटराव डेपो मॅनेजरच्या खोलीत उभे होते. साहेब त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. स्वतः ड्रायव्हर म्हणून लागलेला, आणि मोठ्या गाडीचा गिअर पहिल्यांदा कसा टाकायचा हे मिनिटरावांकडूनच शिकलेला. त्याने डॉक्टरचा कागद वाचला, उठून दार लावलं आणि कागदाची घडी करून परत त्यांच्या हातात दिली.

"हा मी पाहिला नाही," साहेब म्हणाला. "बसा. चार वर्षं राहिलीत तुमची. तुम्हाला मी विमानतळाचा रस्ता देतो. सरळसोट, तीन सिग्नल, तेही वर-खाली दिव्यांचे. तुम्ही डोळे मिटून चालवाल."

"तेच तर," मिनिटराव म्हणाले. "तेच चाललंय."

"अहो, गेल्या महिन्यात पास झाला आहात तुम्ही! कागदावर आहे. चोवीसपैकी चोवीस. डॉक्टरचं काय, एक डॉक्टर एक सांगतो, दुसरा दुसरं."

"पुस्तक काढा, साहेब."

"कुठलं?"

"ठिपक्यांचं. तपासणीचं. तुमच्याच खणात असतं."

रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात आकडा लपवलेला असतो, तो ज्याला दिसला तो पास, असं ते पुस्तक. साहेबाने खण ओढला आणि काढलं. कोपरे झिजलेलं, चिकटपट्टीने जोडलेलं. मिनिटराव उठले, खुर्ची फिरवली आणि साहेबाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

"एकेक पान उलटा," ते म्हणाले. "पहिलं, बारा. दुसरं, सत्तेचाळीस. तिसरं, नऊ. चौथं, सहासष्ट. उलटताय ना? पाचवं, तीन. सहाव्यावर चहा सांडलाय, तिथे पस्तीस. सातवं, सत्तर."

ते म्हणत गेले, घाई नाही, अडखळणं नाही, स्टॉपांची नावं सांगावीत तसे. मागे पान उलटल्याचा आवाज येत होता. सोळाव्या पानाला आवाज थांबला, तरी ते थांबले नाहीत. चोविसावं सांगून झाल्यावर म्हणाले, "सत्तावीस वर्षं तेच पुस्तक, तीच पानं, तोच क्रम. पहिल्यांदा लागलो तेव्हा मला आकडे दिसले होते, साहेब, देवाशपथ. मी फसवलं नाही कुणाला. पुढे कधीतरी डोळ्यांनी बघायचं सोडलं आणि तोंडच सांगायला लागलं. कधी, ते मलाही कळलं नाही."

ते उठून वळले. "आता मधलं कुठलंही पान उघडा. मागचंपुढचं कळू देऊ नका."

साहेबाने पुस्तक उघडून समोर धरलं. त्याला स्वतःला त्यात आकडा लख्ख दिसत होता. मिनिटरावांनी ते जवळ घेतलं, लांब धरलं, खिडकीशी नेलं.

"नुसते ठिपके आहेत," ते म्हणाले.

साहेबाने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "एक सांगू? मलाही पाठ आहे हे. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी मनात पुढचं म्हणत होतो." त्याने घडी केलेला कागद मागून घेतला, सरळ केला आणि फायलीत लावला. "किती ड्रायव्हर आहेत आपल्याकडे?"

"अठ्ठ्याण्णव," मिनिटराव म्हणाले. "माझ्याशिवाय."

साहेबाने तिथल्या तिथे दोन फोन केले. नवं पुस्तक, बाहेरचा डॉक्टर, परवा सकाळपासून सगळ्यांची तपासणी. मिनिटरावांना तो म्हणाला की तुमच्या खुर्चीवरच्या कामाचं मी बघतो, नव्या लोकांना शिकवायला माणूस लागतोच आहे. ते "बघा" म्हणाले, ड्रायव्हरचा बिल्ला टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

अंगणात त्यांची बस सुटत होती. स्टिअरिंगवर दुसरा होता. घड्याळात सात चाळीस. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ते बघत राहिले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, उगाच लपवायचं कशाला?

मग ते कॅन्टीनमध्ये गेले. पहिल्या पाळीचे पंधरावीस ड्रायव्हर चहा पीत होते. मिनिटरावांनी दारातूनच आवाज चढवला, नेहमीसारखा. "ऐका रे! मी आजपासून गाडी चालवत नाही. लाल-हिरवं दिसत नाही मला. परवापासून सगळ्यांची तपासणी, पुस्तक नवं आहे. जुनं पाठ असून उपयोग नाही, मला विचारून बघा!"

एकच कल्ला झाला. कुणी म्हणालं मिनिटराव चेष्टा करतायत, कुणी म्हणालं स्वतः बुडाले ते बुडाले, आता आम्हालाही पाण्यात ओढतायत. एकाने शिवी हासडली. दोघं उठून जवळ आले, कधी कळलं, कसं कळलं, विचारायला लागले. मिनिटराव सगळ्यांना उत्तरं देत होते, आणि देता देता त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेलं. तिथे शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. चहाचा कप तसाच ठेवून तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता, बारा, सत्तेचाळीस, नऊ.

मिनिटराव गर्दीतून वाट काढत गेले, खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.